मधला रकाना

तुम्हाला माहीत होतं. आता कानांवर हात ठेवू नका.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी, तुमच्या संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, पद्मिनी टिपणीसने त्रेचाळीस मुलांची यादी तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही संचालक; ती हातातही घेतली नाहीत. चहाचा पेला उचललात, खाली उमटलेलं ओलं वर्तुळ रुमालाने पुसलंत, आणि विचारलंत, "टिपणीस-सान, हा तक्ता तुम्हीच केला होतात ना?"

"हो. चूक माझीच आहे," पद्मिनी म्हणाली. "म्हणून तर मी आलेय."

"मग झालं तर," तुम्ही म्हणालात. शेजारी विभागप्रमुख कुरोदा-सान बसले होते. त्यांनी दातांतून हवा आत ओढली आणि ते टेबलाकडे बघत राहिले.

काय झालं होतं? कुणाचं काय बिघडलं होतं? अडीचशे वर्षांपूर्वीची मुलं ती. पण ज्याला आपलं म्हणणारं कुणीच उरलेलं नाही त्याचंच बिघडवायला सोपं जातं. म्हणून सगळं सांगायला हवं, पहिल्यापासून.

पद्मिनी पुण्याची. वय सेहेचाळीस. कॉलेज संपल्यावर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती स्पॅनिश शिकली, पुढे एका खाजगी क्लासमध्ये ती शिकवायलाही लागली. नवरा अंबरीष बँकेत. बँकेने त्याला तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवलं, त्या तीन वर्षांची नऊ झाली. निशी-कसाईत सातव्या मजल्यावर घर, खाली भाजीत कढीपत्ता ठेवणारं दुकान, मुलगी वैभवी जपानी शाळेत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची परवानगी असते. पद्मिनीने त्या अठ्ठावीस तासांत पहिली काही वर्षं कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, भाताचे त्रिकोण रचले. मग कुणीतरी सांगितलं की कोतोमध्ये एका संग्रहालयाला जुनं स्पॅनिश हस्ताक्षर वाचणारा माणूस हवा आहे. तोझाई लाइनने तीन स्टेशनं. ती गेली, आणि कुरोदा-सानांनी तिला एका बंद खोलीत, एका पडद्यासमोर बसवलं.

पडद्यावर एका गावाची बाप्तिस्म्याची वही होती. गाव सान ओनोफ्रे. न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, एका ओढ्याच्या काठी. तो मुलूख तेव्हा स्पेनच्या राजाचा होता, म्हणजे राजाच्या कागदावर त्याचा होता. डोंगरात आणि पठारावर मूळचे लोक होते, आणि ते आपली जमीन सहजासहजी सोडणारे नव्हते. त्यांच्या आणि मोठ्या शहराच्या मधे कुणीतरी बसायला हवं, पहिला वार कुणीतरी अंगावर घ्यायला हवा, म्हणून गव्हर्नराने बारा गरीब कुटुंबांना जमिनीचा कागद दिला आणि सीमेवर नेऊन सोडलं. त्यांनी मातीच्या विटांची घरं बांधली, एकाला एक चिकटून, मधे चौक, बाहेरच्या भिंतीला एकही खिडकी नाही. मका पेरला, मेंढ्या पाळल्या, माग बसवले. पुढे त्या मागांवरची घोंगडी प्रसिद्ध झाली. जपान्यांना त्यांचं वेड लागलं. तुमच्या वडिलांनी त्यांतली चाळीस जमवली, आणि त्यांच्या मागे तुम्ही प्रदर्शन भरवायचं ठरवलंत. नावही ठरलं होतं: 'बारा घरांचं गाव'.

वहीतल्या प्रत्येक नोंदीचा तक्ता पद्मिनीने करायचा होता. गावात पाद्री वर्षातून दोन-तीनदाच यायचा, आला की साठलेले बाप्तिस्मे एकदम उरकायचा. शाई तपकिरी पडलेली, अक्षर पळतं, निम्मे शब्द तोडून लिहिलेले. एका पानाला कधीकधी दोन दिवस लागत. "रकाने तुम्हाला सोयीचे पडतील तसे करा," कुरोदा-सान पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

तिने केले. विचारही केला नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. महाराष्ट्रात शाळेचा दाखला असो, रेशनकार्ड असो, लग्नपत्रिका असो, माणूस या तीन घरांत बसला की बसला. हात आपोआप चालतो. तक्ता करताना तिला वाटलंसुद्धा नाही की आपण काही ठरवतो आहोत.

मग नोंदी येत गेल्या. होसे, अंतोनिओ बालेन्सुएलाचा औरस मुलगा. सोपं. मधल्या रकान्यात अंतोनिओ. मग रोसालिया, सुमारे सात वर्षांची, अंतोनिओ बालेन्सुएलाच्या घरची. मधे पाद्र्याच्या हातचं काहीतरी तुटक, वळणावळणाचं. सात वर्षांची? पद्मिनीने मनाशी म्हटलं, सीमेवरचं गाव, पाद्री उशिरा येतो, बाप्तिस्मा राहून जात असेल. मधला रकाना रिकामा ठेवणं तिच्या हाताला जमलं नाही. तिथे तिने अंतोनिओ लिहिलं. असं अडीच वर्षांत त्रेचाळीस वेळा झालं.

अंतोनिओला एकोणीस मुलं झाली तेव्हा अंबरीष जेवताना हसला होता. "एकोणीस! शेतीबिती करायचा की नाही गं हा माणूस?"

"सीमेवरची माणसं, अरे. थंडी किती तिथे," पद्मिनी म्हणाली होती, आणि तीही हसली होती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी तिच्या भाच्याचा, विश्वजितचा, पुण्याहून मेसेज आला. त्याला मुलगी झाली होती. जन्मदाखल्याचा फोटो पाठवून त्याने लिहिलं होतं, 'मावशी, स्पेलिंग बघ गं एकदा. तू मास्तरीण.' पद्मिनीने फोटो मोठा केला. कादंबरी शमा विश्वजित राजाध्यक्ष.

"चार शब्द?" अंबरीषने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "इथल्या फॉर्ममध्ये मावायचं नाही हे."

"नवा नियम आलाय ना. आता आईचं नाव पण लावायचं. आधी आईचं, मग बापाचं."

वैभवी सोफ्यावर आडवी होती. तेरा वर्षांची, मराठी तिला कळायचं सगळं, बोलायची मात्र नाइलाज झाला तरच, आणि आईला इथल्या मुलांसारखं 'मामा' म्हणायची. ती उठून आली आणि फोटो बघून म्हणाली, "सो हिची आई हिच्या नावात आहे. माझ्या नावात तू कुठेयस, मामा?"

"तेव्हा तो रकाना नव्हता," पद्मिनी म्हणाली.

फोन तिने टेबलावर पालथा ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला आणि आपल्या तक्त्यात, नाव आणि वडिलांचं नाव यांच्या मधे, एक नवा रकाना घातला.

होसेच्या आईचं नाव वहीत होतं: हुआना. पहिल्यापासून होतं. तक्त्यात आईला घर नव्हतं म्हणून पद्मिनीने ते कधी लिहिलंच नव्हतं. ती एकेक आई भरत गेली. हुआना, मारिया, ग्रेगोरिया. पंधरा मिनिटांनी रोसालिया आली. आई? वहीत नाव नव्हतं. नाव जिथे असायला हवं तिथे तेच तुटक वळण होतं, पाद्र्याची लकब म्हणून तिने दरवेळी ओलांडलेलं. तिने ते पडद्याएवढं मोठं केलं. अक्षरं सुटी झाली. 'आईबाप ठाऊक नाहीत.' त्याच्या आधी आणखी एक तोडलेला शब्द: 'सोडवून आणलेली'.

सोडवून आणलेली! डोंगरातल्या टोळ्यांची पोरं पळवून आणून बाजारात उभी करायचे, सीमेवरची कुटुंबं ती विकत घ्यायची, पाद्री डोक्यावर पाणी ओतायचा आणि वहीत लिहायचा, सोडवली. कुणाकडून सोडवली? तिच्या आईकडून.

ऊन उतरेपर्यंत पद्मिनी मोजत होती. बारा घरांत मिळून त्रेचाळीस. अंतोनिओच्या एकोणीसांपैकी आठ त्याची. अकरा आणलेली. घरातल्या माणसांनी त्यांना आडनाव दिलं, कारण गुरालाही डाग देतात. पाद्र्याने निदान खोटं लिहिलं नव्हतं. जे होतं ते पुटपुटल्यासारखं का होईना लिहून ठेवलं होतं. अडीचशे वर्षं ती मुलं त्या वहीत परकी म्हणून तरी शाबूत होती. त्यांना घेणाऱ्यांच्या पोटी घातलं ते पद्मिनी टिपणीसने. एका रकान्यात.

"अगं, पण सगळं छापून झालंय ना?" अंबरीषने विचारलं. तो वाईट माणूस नाही. त्याने चहा करून आणला होता.

"झालंय. वंशवृक्ष पाच मीटरचा आहे. पुस्तकही छापून आलंय."

"मग काय करणारेत ते? पद्मा, जपानी माणूस एक वेळ ट्रेन उशिरा सोडेल, छापलेलं बदलणार नाही. आणि एप्रिलमध्ये तुझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझ्या शिक्षणाचं काम मिळालंय तुला. जरा तोंड सांभाळून."

"माझ्या शिक्षणाचं काम मी चुकवलंय, अंबरीष."

"मामा, बेत्सु नि," वैभवी फोनवरून मान न काढता म्हणाली.

"मराठीत."

"म्हणजे... सो व्हॉट? मेलेत ना सगळे?"

"मेलेत. म्हणूनच त्यांना स्वतःला येऊन सांगता येत नाही."

मग तो मंगळवार. पद्मिनीने आपल्या मोडक्यातोडक्या, पण पाठ करून आणलेल्या जपानीत तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत. तुमची सभ्यता निर्दोष आहे, त्याबद्दल वाद नाही. शेवटी म्हणालात, "लहानपणापासून एका छपराखाली वाढली. एका चुलीवरचं जेवली. तुमच्या देशात याला कुटुंब म्हणत नाहीत का?"

"म्हणतात," पद्मिनी म्हणाली. "आमच्याकडेही अशा मुली असतात. चूल त्या पेटवतात आणि सगळ्यांच्या नंतर जेवतात. त्यांना आम्हीही घरच्यासारखी म्हणतो. पण 'सारखी'च म्हणतो, 'घरची' नाही."

तुम्ही हसलात. "गावाहून वारस येणार आहेत. ऐंशीच्या पुढची एक बाई त्यांत आहे. या वयात, इतक्या लांब बोलावून, तिला हे ऐकवायचं? त्यांच्या भावनांचा विचार करायला हवा." मग समोरची टिपणवही मिटलीत. "सूचनेवर विचार करू."

विचार करू. या देशात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला हे दोन शब्द कळतात. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून ते बोलायचे असतात.

कुरोदा-सानांनी तिला जिन्यापाशी गाठलं. "पाच मिनिटं आहेत?" एवढंच विचारलं आणि तळघरात नेलं. हा माणूस साठीला आलेला, सगळं आयुष्य कापडात गेलेलं. बोटांनी धागा चाचपून विणणारा डावखुरा होता का ते सांगायचा. त्यांनी एक लांब खण ओढला. आत पातळ पांढऱ्या कागदाखाली रोसालियाचं घोंगडं होतं. सान ओनोफ्रेत ते पहिल्यापासून याच नावाने ओळखलं जायचं. निळीचे पट्टे, मधे मेंढीचा मूळचा तपकिरी रंग, आणि एका कडेला बोटभर लाल.

"मधे बघा," कुरोदा-सान म्हणाले. "काय दिसत नाही?"

पद्मिनीला काहीच दिसत नव्हतं.

"शिवण दिसत नाही. त्या बारा घरांतले माग आडवे होते, अरुंद. त्यांवर एवढा पन्हा निघत नाही. दोन पट्ट्या विणून मधे शिवायच्या, बाकी बहुतेक घोंगडी तशीच आहेत. हे सलग आहे. हे उभ्या मागावरचं आहे. उभा माग डोंगरातल्या लोकांचा. त्या बायका मुलींना लहानपणीच शिकवायच्या." ते थांबले. "सात वर्षांच्या मुलीच्या हातात तोवर बरंच बसलेलं असतं."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे हे?"

"दोन वर्षं. माझ्या अहवालात लिहिलं होतं. छापताना तो परिच्छेद निघाला."

"कुणी काढला?"

कुरोदा-सानांनी खण आत ढकलला, अगदी सावकाश. "मला अजून तीन वर्षं आहेत, टिपणीस-सान," ते म्हणाले. "मग मी निवृत्त होतो."

म्हणून म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. पद्मिनीच्या आधीपासून माहीत होतं. तिची चूक तुमच्या पथ्यावर पडली, एवढंच.

ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी अकराला उद्घाटन झालं. पद्मिनीला तुम्ही बोलावलंत, बोलावणं भागच होतं. पाहुण्यांचं स्पॅनिश समजणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला सूचना लेखी मिळाली होती. दुभाष्याने वक्त्याच्या अर्धं पाऊल मागे उभं राहावं. गडद कपडे घालावेत. स्वतःचे शब्द घालू नयेत.

गावाहून तिघं आली होती. त्यांतली एउलालिया एक्याऐंशी वर्षांची, बुटकी, हातात काठी, पायांत पांढरे खेळाचे बूट. स्टेशनवरून चालत येताना तिने पद्मिनीच्या दंडाला धरलं ते सोडलंच नव्हतं. "तू कुठली?" तिने विचारलं.

"भारतातली."

"म्हणजे खरी इंदिया, इंडियन बाई, तूच," म्हातारी म्हणाली आणि दोन-तीन दात दिसतील एवढं हसली. "आम्हाला उगीच म्हणत आले."

भिंतभर झाड होतं. बारा खोडं, सोनेरी फांद्या, पानापानावर नाव. काचेच्या पेटीत घोंगडं. समोर दूतावासातले लोक, घोंगडी जमवणारे, कॅमेरे. तुम्ही बोलायला लागलात, एकेक वाक्य, आणि पद्मिनी मागून स्पॅनिशमध्ये उतरवत गेली. सीमेवरचं खडतर आयुष्य. बारा कुटुंबांचं धैर्य. मग तुम्ही पेटीकडे हात केलात. "अंतोनिओ बालेन्सुएलांच्या एकोणीस अपत्यांपैकी ही लाडकी कन्या रोसालिया. पित्याच्या मायेच्या उबेत तिने हे विणलं."

पित्याच्या मायेच्या उबेत! हे वहीत नव्हतं, तक्त्यात नव्हतं, पद्मिनीच्या चुकीतही नव्हतं. ही तुमची स्वतःची भर होती.

पद्मिनीने तेही वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. शब्द न् शब्द, उबेसकट. दुभाष्याचं काम तिने चोख केलं. मग तिने अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि ती तुमच्या रेषेत येऊन उभी राहिली.

"हे वाक्य संचालकांचं होतं," ती आधी स्पॅनिशमध्ये म्हणाली, मग जपानीत. "यापुढचं माझं आहे. या झाडावरची त्रेचाळीस पानं खोटी आहेत. ती चूक मी केली, मी तक्ता केला. रोसालिया अंतोनिओची मुलगी नव्हती. तिला सात वर्षांची असताना विकत आणलं होतं. तिच्या आईबापांचं नाव वहीत नाही. अशी बारा घरांत त्रेचाळीस मुलं होती. मी सप्टेंबरात सांगितलं. झाड तसंच आहे. मला माफ करा."

ती वाकली. कमरेतून, जपानी पद्धतीने. आणि वाकलेलीच राहिली.

तेवढ्यात कुरोदा-सान रांगेतून बाहेर आले. सगळ्यांना वाटलं, तिला दंडाला धरून बाजूला नेणार. ते पेटीपाशी जाऊन उभे राहिले. हात पँटच्या शिवणीला जुळवलेले, मान ताठ. "मधे शिवण नाही," ते म्हणाले. "उभ्या मागावरचं आहे." बस. पण जागेवरून ते हलले नाहीत.

आणि तुम्ही काय केलंत? टाळ्या वाजवल्यात. अगदी मनापासून, हसतमुखाने, एखादं मनोगत संपावं तशा. मग सगळ्यांनी वाजवल्या. माणसाचं बोलणं बुडवायची इतकी सभ्य रीत दुसरी नसेल.

टाळ्या थांबल्यावर एउलालिया काठी टेकत पद्मिनीपाशी आली.

"आम्हाला ठाऊक आहे, मुली," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची. रोसालियाला घोड्यावर बांधून आणली. रडायची थांबेना तेव्हा कुणीतरी दोन खांब रोवून तिला तिच्या लोकांचा माग करून दिला. मग थांबली."

पद्मिनी तिच्याकडे वळली. "मग तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? लोक येतात ते घोंगडीच विचारतात." म्हातारीने झाडाकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, जसं एखादं महागडं दुकान बघावं तसं. "सुरेख रंगवलंय. आम्ही त्या घरचे नाही, आम्ही तिचे. तिला पंधराव्या वर्षी मूल झालं, त्याचा बाप कोण हेही कुणी लिहिलं नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून." मग तिने पद्मिनीच्या हातातला कागद मागितला. चष्मा काढला, पुसला, घातला. त्रेचाळीस नावांवरून तिचं बोट खाली उतरत गेलं. "ही आमची. हाही आमचा, याच्या पोरांनी चर्चचं छप्पर केलं. ही... हिचं कधी ऐकलं नाही मी." त्या नावावर बोट थोडं थांबलं. "रोसालियाच्या आईचं नाव मिळालं का तुला?"

"नाही," पद्मिनी म्हणाली. "खूप शोधलं."

"शोधलंस ना?"

"हो."

म्हातारीने मान हलवली. कागदाची घडी घालून तो आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि पुन्हा पद्मिनीचा दंड धरला. बाहेर दुपारचं जेवण मांडलं होतं. तिथे दोघी गेल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून दोन कॉफ्या घेऊन कालव्याकाठच्या बाकावर बसल्या. काय बोलल्या ते तुम्हाला सांगायचं कारण नाही. ज्यांच्या भावना जपायचा तुम्हाला घोर लागला होता, त्या भावना अशा होत्या. तुम्हाला तिला विचारता आलं असतं. एक फोन.

पुढचं थोडक्यात. सोमवारी पद्मिनीला पत्र मिळालं की प्रदर्शन उभं राहिलं, सबब काम पूर्ण झालं, आपल्या परिश्रमांबद्दल आभार. कुरोदा-सानांची बदली गोदामाच्या नोंदींवर झाली. अंबरीष दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जपानी चांगलं होतं तुझं. व्हिडिओ पाहिला मी." वैभवीने शाळेतल्या वहीवर आपलं नाव चार शब्दांत लिहिलं आणि शिक्षिकेने ते खोडलं. तिने पुन्हा लिहिलं. घरी तिने यातलं काही सांगितलं नाही. वही आईला सापडली.

आणि झाड? झाडाखाली तुम्ही पोस्टकार्डाएवढा एक कागद चिकटवलात. त्यावर एक ओळ: 'याबाबत विविध मते आहेत.'

कुणाची मतं? त्या सात वर्षांच्या पोरीचं एक मत आणि तिला विकत घेणाऱ्याचं दुसरं, असं? आई असणं आणि नसणं हे मत आहे? पाद्र्याने लिहिलंय. धाग्यात दिसतंय. तिच्या वंशातल्या बाईने तुमच्याच दालनात उभं राहून सांगितलंय. चूक करणारीने चूक कबूल केलीय. उरलं कोण?

तेव्हापासून दर गुरुवारी पद्मिनी तिकीट काढून आत जाते. दारावरचा पहारेकरी तिला ओळखतो, मान तुकवतो. झाडासमोर ती उभी राहते आणि त्रेचाळीस नावं म्हणते, ओठांतल्या ओठांत, कुणाला त्रास होणार नाही अशी. पूर्वी कागद लागायचा. आता लागत नाही. शेजारी कुणी थबकलं आणि काय म्हणता म्हणून विचारलं, तर सांगते. न विचारणाऱ्याला सांगत नाही.

निघताना दाराजवळच्या टेबलावर तुमची प्रश्नावली असते. आपले वय? प्रदर्शनाविषयी कुठून समजले? कोणती वस्तू विशेष आवडली? शेवटी मोकळी जागा, आणि त्याखाली एक ओळ: उत्तर हवे असल्यास नाव व पत्ता लिहावा. पद्मिनी छोट्या पेन्सिलीने, जपानीतलं एकेक चिनी अक्षर घोटून, दर वेळी तोच एक प्रश्न लिहिते: रोसालियाचं पान कधी बदलणार? मग नाव, इमारत, मजला, दार क्रमांक, पिनकोड; पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय कुणाला राहू नये. घडी घालून कागद पेटीत टाकते आणि बूट बांधायला थोडी वाकते, गुडघा दुखतो हल्ली, मग सरळ होऊन स्टेशनकडे चालायला लागते.

असे बावीस कागद तुमच्या पेटीत पडले आहेत, एकाचंही उत्तर आलेलं नाही. या महिन्याअखेर प्रदर्शन उठेल. झाड गुंडाळून कोबेला जाणार आहे, तशी जाहिरातही लागली आहे. चित्र तेच, पानं तीच. रोसालियाला तिथेही तुम्ही अंतोनिओची लेक म्हणूनच टांगणार आहात का?

हो की नाही, तेवढं लिहून कळवा. पत्ता तुमच्याकडे बावीस वेळा आलेला आहे.